दोन टक्के निअँडरथल म्हणजे नेमकं काय, आणि ते कशावरून ठरवलं

प्रश्न बराच मोठा आलाय, आधी थोडक्यात मांडतो. चिंपांझीशी आपला डीएनए ९८-९९ टक्के जुळतो म्हणतात, मग निअँडरथल, म्हणजे युरोप-आशियात राहून नामशेष झालेला जुना माणूस, तर त्याच्यापेक्षा कितीतरी जवळचा, त्याचा डीएनए आपल्यात फक्त २ टक्के कसा? दुसरं, जे काही जुळतं ते दोघांच्या एकाच जुन्या पूर्वजाकडून आलेलं नसेल कशावरून, संकर झाला हे बघायला कोण गेलं होतं? आणि तिसरं, प्रश्नकर्त्याने स्वतःची आणि बायकोची डीएनए टेस्ट करून घेतली, त्यात बायकोमध्ये जास्त निअँडरथल निघाला, तर त्याचा अर्थ काय?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. मी सोळा वर्षं जीनोमच्या, म्हणजे संपूर्ण डीएनएच्या, डेटावर काम करतोय आणि दुसरा प्रश्न तर या क्षेत्रातल्या मोठमोठ्या लोकांनीही गंभीरपणे विचारलेला होता, त्यामुळे त्याच्यावरच जास्त वेळ घालवणार आहे.

पहिला पटकन संपवू. ही दोन टक्केवारी वेगवेगळ्या गोष्टींची आहे. ९८-९९ टक्के म्हणजे डीएनएची रासायनिक अक्षरं (ए, सी, जी, टी) शेजारी शेजारी ठेवली तर किती सारखी दिसतात ते. त्या मापाने निअँडरथल आणि आपण ९९.७ टक्क्यांच्या आसपास सारखे आहोत. २ टक्के हे साम्याचं माप नाहीये, वारशाचं माप आहे. म्हणजे तुमच्या डीएनएचा कुठला तुकडा कोणत्या वाटेने तुमच्यापर्यंत आला. तुम्ही आणि तुमचा चुलतभाऊ डीएनएत जवळपास पूर्ण सारखेच असता, तरी तुमच्यातला साधारण पाव हिस्सा आईकडच्या आजीचा आणि पाव हिस्सा वडिलांकडच्या आजीचा असं आपण म्हणतोच ना, तसंच हे. तुमच्या जीनोमचे साधारण २ टक्के तुकडे निअँडरथल आई किंवा बापाकडून पिढ्यानपिढ्या उतरत आलेत, एवढाच त्याचा अर्थ.

आता वाट कशी ओळखायची? मला यासाठी जुन्या हस्तलिखित पोथ्यांचं उदाहरण सगळ्यात जवळचं वाटतं. एकाच ग्रंथाच्या पन्नास पोथ्या असतात, प्रत्येक नकल करणाऱ्याने कुठेतरी शब्द चुकवलेला असतो आणि पुढचा माणूस तीच चूक इमानाने उतरवतो. मग पाठभेद तपासणारे अभ्यासक काय करतात, बरोबर असलेले शब्द बघतच नाहीत कारण ते सगळीकडे सारखेच असतात, ते सारख्या चुका शोधतात. दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक असेल तर त्या एका घराण्यातल्या. डीएनएतही चिंपांझीकडे जे अक्षर आहे ते मूळ पाठ धरायचा आणि निअँडरथलमध्ये जिथे ते बदललंय तो त्याचा पाठभेद. मग आफ्रिकेतला एक माणूस घ्यायचा, युरोपातला एक घ्यायचा, आणि मोजायचं की निअँडरथलचे पाठभेद यातल्या कोणाकडे किती वेळा सापडतात. संकर झालाच नसेल आणि निअँडरथल आपल्या सगळ्यांच्याच फांदीपासून आधी वेगळा झाला असेल, तर दोघांकडे हे प्रमाण सारखं निघायला पाहिजे, कोणालाच झुकतं माप मिळायचं कारण नाही.

२०१० च्या मे महिन्यात लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या स्वांते पाबोंच्या टीमने नेमकी हीच मोजणी जाहीर केली. क्रोएशियातल्या विंडिया गुहेतल्या तीन हाडांमधून त्यांनी निअँडरथल जीनोमचा पहिला मसुदा काढला होता, आणि तो सॅन, योरुबा (हे दोन्ही आफ्रिकेतले), फ्रेंच, चिनी (हान) आणि पापुआ न्यू गिनीच्या अशा आजच्या पाच माणसांशी ताडून बघितला. आफ्रिकेतल्या दोघांपेक्षा फ्रेंच माणूस निअँडरथलच्या थोडा जवळ निघाला, याचं एक वेळ नवल नाही कारण निअँडरथल युरोपात राहायचेच. पण चिनी आणि पापुअन माणूसही तितकाच जवळ निघाला. पापुआत कधी निअँडरथलचं हाड सापडलेलं नाही! म्हणजे मिसळण झाली ती युरोपात नाही, त्याच्या आधी, आफ्रिकेतून बाहेर पडलेल्या लोकांची पुढे पांगापांग व्हायच्या आत, बहुधा पश्चिम आशियाच्या बाजूला कुठेतरी. तेव्हा अंदाज १ ते ४ टक्क्यांचा होता, २०१७ मध्ये विंडियाच्याच दुसऱ्या एका हाडाचा चांगल्या प्रतीचा जीनोम मिळाल्यावर आफ्रिकेबाहेरच्या लोकांसाठी तो १.८ ते २.६ टक्के असा ठरला.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, ही टीम संकर सिद्ध करायला निघालेली नव्हती. याच पाबोंनी १९९७ मध्ये जर्मनीतल्या निअँडर खोऱ्यात १८५६ साली सापडलेल्या मूळ सांगाड्यातून मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या छोट्या भागाचा) डीएनए काढला होता आणि तो आजच्या कुठल्याही माणसाशी जुळत नव्हता. तेव्हा बहुतेकांनी निष्कर्ष काढला की संकर झालाच नाही. चूक कुठे होती तर मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो, ती एकच ओळ आहे. आजोळचं आडनाव आपल्याला लागत नाही पण आजोबांचं नाक येतंच की. एका ओळीवरून अख्ख्या कुळाचा निकाल लावता येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं, तरी तेव्हा हाताशी तेवढंच होतं.

बरं, २०१० चा निकाल आल्या आल्या दोन शंका निघाल्या. पहिली भेसळीची. जुन्या हाडात स्वतःचा डीएनए अगदी थोडा असतो, विंडियाच्या हाडांत ९५ टक्क्यांहून जास्त डीएनए जिवाणूंचा वगैरे होता, आणि त्यात खोदणाऱ्याचा, धुणाऱ्याचा, लॅबमधल्या माणसाचा डीएनए मिसळला की संपलं. हे उगाच नाही म्हणत, २००६ मध्ये आलेल्या निअँडरथल डीएनएच्या पहिल्या दोन मोठ्या डेटासेटपैकी एकात आजच्या माणसाची भेसळ असल्याचं २००७ मध्ये दाखवून दिलं गेलं होतं. मी नवीन होतो तेव्हा मला सगळ्यात आधी शिकवलं गेलं ते हेच, की स्क्रीनवर रीड्स (मशीनने वाचलेले डीएनएचे तुकडे) उघडल्या की आधी टोकं बघ. म्हणजे काय होतं, जुना डीएनए तुटून तुटून चाळीस-पन्नास अक्षरांचे बारके तुकडे उरलेले असतात आणि त्यांच्या टोकांना सी हे अक्षर रासायनिक बदलाने टी सारखं वाचलं जातं. तुकड्याच्या मध्यभागी ठीकठाक आणि टोकाकडे येता येता सी च्या जागी टी, टी, टी वाढत जातात, जुन्या कापडाच्या कडा जशा आधी विरतात अगदी तसं. कालच्या माणसाच्या डीएनएला अशी विरलेली कड नसते. त्यामुळे सगळं शंकास्पद वाटलं तर फक्त कड विरलेले तुकडे ठेवायचे, बाकीचं फेकून द्यायचं आणि मोजणी परत करायची. संकराची खूण तरीही टिकते.

२०१० च्या त्या पेपरमध्ये मला सगळ्यात आवडलेली तपासणी वेगळीच होती आणि तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. त्यांनी फक्त आजच्या माणसांचा डेटा घेऊन असे भाग शोधले जिथे आफ्रिकेबाहेरच्या लोकांत आफ्रिकेतल्यांपेक्षा जास्त जुनं वैविध्य दिसतं, जे सहसा उलटं असतं. त्यातले १२ भाग ताडून बघता येण्याजोगे निघाले. मग ते निअँडरथलशी ताडले तर १२ पैकी १० मध्ये तो जास्तीचा पाठ निअँडरथलचा निघाला. आता भाग निवडताना हाडाचा डेटा वापरलाच नव्हता, मग भेसळीला दोष कसा देणार?

दुसरी शंका म्हणजेच तुमचा दुसरा प्रश्न. समजा आफ्रिकेतच फार पूर्वी लोकसंख्या गटागटांत विभागलेली होती, एका गटातून आधी निअँडरथलचे पूर्वज निघाले आणि लाखो वर्षांनी त्याच गटातून आपले आफ्रिकेबाहेर पडलेले पूर्वज निघाले, तर संकर न होताही दोघांत सारखे पाठभेद जास्त दिसतील. ही शंका नुसत्या मोजणीने खोडता येत नाही, हे त्या लेखकांनी स्वतःच लिहिलं होतं. ती खोडली तुकड्यांच्या लांबीने, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा कणा हाच आहे.

परत पोथीकडे येऊ. प्रत्येक माणसाकडे दोन पोथ्या असतात, एक आईकडची एक बापाकडची. पुढच्या पिढीसाठी नकल करताना एकच नवी पोथी बनते आणि नकलकार थोडा वेळ एकीवरून उतरवतो, मग मध्येच दुसरीवर उडी मारतो, एका क्रोमोसोममध्ये (डीएनए ज्या लांब धाग्यांत विभागलेला असतो त्यातल्या एकात) साधारण एक-दोन उड्या. म्हणजे निअँडरथल बापाच्या मुलाकडे एक अख्खी पोथी निअँडरथलची, नातवाकडे लांबलचक सलग प्रकरणं, पणतूकडे त्याहून लहान, असं करत करत दर पिढीला तुकडे होत जातात. त्यामुळे आज तुकडा केवढा उरलाय यावरून किती पिढ्या झाल्या याचा हिशोब लागतो. ५० हजार वर्षं म्हणजे साधारण १७०० पिढ्या, तेवढ्यात सलग तुकडे सरासरी पन्नासेक हजार अक्षरांचे उरायला हवेत. पण वारसा दोघांच्या सामायिक पूर्वजाकडचा, म्हणजे साडेपाच लाख वर्षं किंवा त्याहून जुना असेल, तर तुकडे झिजून जेमतेम काही हजार अक्षरांचे उरतील. प्रत्यक्षात आपल्यात सापडतात ते पहिल्या प्रकारचे, लांब. सारखी चूक एखादी असती तर योगायोग म्हटलं असतं, इथे पानंच्या पानं सलग त्याच घराण्याची निघतात.

आणि हा हिशोब बरोबर आहे का हे जुन्या माणसांवर तपासता आलं, हे खरं सुंदर आहे. सायबेरियात इर्तिश नदीच्या काठी उस्त-इशिमला मांडीचं एक हाड मिळालं, ४५ हजार वर्षांपूर्वीच्या आपल्यासारख्याच आधुनिक माणसाचं. त्याचा जीनोम २०१४ मध्ये आला. तो संकराच्या वेळेच्या कितीतरी जवळ जगला, तेव्हा त्याच्यातले निअँडरथल तुकडे आपल्यापेक्षा लांब असायला हवेत, आणि ते साधारण दोन ते चार पट लांब निघाले. मग २०१५ मध्ये रोमानियातल्या ओआसे गुहेतला जबडा. हा माणूस जगला ३७ ते ४२ हजार वर्षांपूर्वी आणि त्याच्यात ६ ते ९ टक्के निअँडरथल, १२ व्या क्रोमोसोमचा तर जवळजवळ अर्धा भाग सलग निअँडरथलचा. इतके लांब तुकडे म्हणजे त्याचा निअँडरथल पूर्वज फक्त ४ ते ६ पिढ्या मागे, खापरपणजोबांच्या आसपासचा. मी पहिल्यांदा ती आकृती बघितली तेव्हा बराच वेळ तिच्याकडे बघत बसलो होतो. त्याच्या वंशाचा मागमूस मात्र नंतरच्या युरोपियन लोकांत राहिलेला नाही. अशा बऱ्याच जुन्या-नव्या जीनोममधल्या तुकड्यांच्या लांबीवरून २०२४ मध्ये मुख्य संकराचा काळ साधारण ५०,५०० ते ४३,५०० वर्षांपूर्वी असा आणखी नेमका झाला, म्हणजे सहा-सात हजार वर्षं हे चालू होतं, एखाद-दुसरी अपघाती भेट नव्हती.

"बघायला कोण गेलं होतं" असं विचारलंत, तर जवळपास बघितल्यासारखाच एक पुरावा आहे. सायबेरियातल्या अल्ताई पर्वतातल्या डेनिसोव्हा गुहेत २००८ मध्ये करंगळीच्या हाडाचा एक तुकडा मिळाला होता. त्याच्या डीएनएवरून २०१० मध्ये कळलं की हे ना निअँडरथल ना आपण, तिसरेच कोणीतरी आहेत, त्यांना डेनिसोव्हन नाव पडलं. कवटी नाही, सांगाडा नाही, आधी जीनोम कळला आणि मग माणूस, असं पहिल्यांदाच झालं. (चीनमधल्या हार्बिनची प्रसिद्ध कवटी डेनिसोव्हनची आहे हे तर २०२५ मध्ये कळलं.) पापुआ न्यू गिनीच्या लोकांत यांचा वारसा ३ ते ५ टक्के आहे. तर याच गुहेतून हाडांचे इतके बारीक तुकडे निघतात की कोणता तरसाचा कोणता हरणाचा हेच कळत नाही, म्हणून ऑक्सफर्डच्या टीमने दोन हजारांहून जास्त तुकड्यांमधलं कोलॅजन (हाडातलं प्रथिन, ज्यावरून प्राणी ओळखता येतो) तपासलं, आणि त्यातला साधारण अडीच सेंटिमीटरचा एक तुकडा मानवकुळातला निघाला. व्हिव्हियान स्लोन यांनी त्याचा जीनोम वाचला तर ४० टक्क्यांच्या आसपास जागी निअँडरथलचं अक्षर आणि जवळपास तेवढ्याच जागी डेनिसोव्हनचं. अशी सरमिसळ दिसली की आमच्याकडे कोणीही आधी सॅम्पल एकत्र झालं असंच म्हणणार, त्यांनीही परत परत डीएनए काढून खात्री केली. पण जोडीतली एक पोथी पूर्ण या घराण्याची आणि दुसरी जवळपास पूर्ण त्या घराण्याची, याचा दुसरा अर्थच होत नाही. आई निअँडरथल, बाप डेनिसोव्हन, आणि ही त्यांची मुलगी, मेली तेव्हा निदान १३ वर्षांची, साधारण ९० हजार वर्षांपूर्वी. २०१८ मध्ये हे छापून आलं. आणि बापाच्या बाजूलाही काहीशे पिढ्यांमागे निअँडरथलची मिसळण दिसते.

आता आपल्याकडचं. या संकराची एक खूण भारतातल्या लोकांना फार महागात पडली असण्याची शक्यता आहे. तिसऱ्या क्रोमोसोमवर साधारण ५० हजार अक्षरांचा एक तुकडा आहे, तो असेल तर कोविड गंभीर होण्याची जोखीम साधारण १.६ पट वाढते. हा तुकडा निअँडरथलकडून आलाय हे ह्यूगो झेबर्ग आणि पाबो यांनी २०२० मध्ये दाखवलं. दक्षिण आशियात साधारण निम्म्या लोकांकडे त्याची निदान एक कॉपी आहे, बांगलादेशात ६३ टक्के लोकांकडे, युरोपात १६ टक्के, आणि पूर्व आशियात जवळजवळ नाहीच. इथेही लांबीचाच मुद्दा आला, इतका लांब तुकडा सामायिक पूर्वजाकडून न तुटता येण्याची शक्यता त्यांनी काढली ती हजारात एकापेक्षा कमी. पण कृपा करून यावरून कोणी घाबरू नका, वय आणि बाकीचे आजार यांचा परिणाम याहून कितीतरी मोठा होता. उलट बाराव्या क्रोमोसोमवरचा दुसरा एक निअँडरथल तुकडा कोविडपासून थोडं संरक्षणही देतो. तिबेटी लोकांना उंचावरच्या विरळ हवेत जगायला मदत करणारं ईपीएएस१ जीनचं रूप तर डेनिसोव्हनकडून आलेलं आहे, हे २०१४ मध्ये कळलं. म्हणजे चांगलं वाईट दोन्ही आलं, आणि बरंचसं वाईट नैसर्गिक निवडीत गळून गेलं, म्हणूनच काही लांबच लांब भागांत आज कोणाकडेच निअँडरथल तुकडा सापडत नाही आणि एक्स क्रोमोसोमवर तर बाकीच्यांच्या मानाने साधारण पाचवा हिस्साच उरलाय.

२०२५ मध्ये भारतातल्या २,७६२ लोकांच्या पूर्ण जीनोमचा अभ्यास आला, बर्कलीच्या प्रिया मूर्जानी यांच्या टीमचा. निअँडरथल तुकड्यांचं सगळ्यात जास्त वैविध्य भारतात निघालं. प्रत्येकात १-२ टक्केच, पण माझ्यात हा तुकडा, तुमच्यात तो, असं करत सगळ्यांचे एकत्र जोडले तर निअँडरथल जीनोमचा जवळपास निम्मा भाग भारतीयांच्याच डीएनएवरून परत जुळवता येतो. मला हे वाचून खरंच भरून आलं, कारण हाडांच्या बाबतीत आपण फार कमनशिबी आहोत. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी हथनोऱ्याला १९८२ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनकियांना पुरातन मानवाची कवटी मिळाली होती, पण असल्या उष्ण हवेत इतक्या जुन्या हाडात डीएनए टिकणं जवळपास अशक्य. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी राखीगढीचे ६१ नमुने तपासले होते, साडेचार हजार वर्षांपूर्वीचे म्हणजे या हिशोबात कालचे, आणि त्यातल्या फक्त एकातून वापरता येईल असा जीनोम निघाला. मग हथनोऱ्याची काय कथा. इथे जुन्या काळाचा दस्तऐवज गुहांपेक्षा जिवंत माणसांतच जास्त शिल्लक आहे.

आता शेवटचं, तुमचा आणि तुमच्या बायकोचा रिपोर्ट. या टेस्ट बहुतेक वेळा ठरावीक काही जागा तपासतात आणि त्यातल्या किती ठिकाणी निअँडरथलचं अक्षर आहे ते मोजून सांगतात, पूर्ण जीनोम वाचत नाहीत. त्यामुळे दोघांत थोडा फरक येणारच, सख्ख्या भावंडांतही येतो. त्यावरून स्वभाव, बुद्धी, ताकद असलं काही काढायचं नसतं, आणि जात किंवा रक्ताची शुद्धता तर अजिबातच नाही, हे मुद्दाम लिहितोय कारण असले मेसेज फिरताना मी बघितलेत आणि त्यांचा त्रास होतो. ज्या काळातला हा संकर आहे तेव्हा आज आपण ज्यांना गट, जात, प्रांत म्हणतो त्यातलं काहीच नव्हतं. शुद्ध आफ्रिकन म्हणावेत तर आफ्रिकेतल्या लोकांतही थोडा निअँडरथल आहे, २०२० च्या मोजणीत ०.३ टक्क्यांच्या आसपास, युरेशियातून परत गेलेल्या लोकांमुळे.

बघायचंच असेल तर एकूण आकडा सोडा आणि रिपोर्टमध्ये क्रोमोसोमवार जागा दिल्यात का ते बघा. तुमच्या आणि तिच्या जागा फारशा जुळणार नाहीत, दोघांकडे साधारण २ टक्केच, पण तुकडे वेगवेगळे आलेत. उद्या मुलाची टेस्ट केलीत तर आकडा बहुधा तुमच्या दोघांच्या आगेमागेच येईल, पण तुकडे बघितलेत तर काही तुमचे, काही तिचे, आणि एखादा तिच्यातला लांब तुकडा मुलात मधूनच तुटलेला दिसेल.